वस्तु उचलण्यापूर्वीं

पुण्यास येणारा पाहुणा शनिवारवाडा पाहून झाला, कीं बहुधा राजा दिनकर केळकर संग्रहालयाकडे वळतो. ‘अज्ञातवासी’ या नांवानें कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर यांनीं १९२० च्या सुमारास जुन्या वस्तु जमविण्यास प्रारंभ केला, अकालीं गेलेल्या आपल्या मुलाचें नांव त्या संग्रहास दिलें आणि १९७५ सालीं तो सर्व संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. अडकित्ते, दिवे, गंजिफा, दरवाजे, वाद्यें, स्वयंपाकघरांतील भांडीं, अशा २०,००० हून अधिक वस्तु आज तेथें आहेत. परंतु पाहणाऱ्यांसमोर मांडलेल्या वस्तु सुमारें २,५०० च आहेत. म्हणजे एक वस्तु आपल्या दृष्टीस पडते, तेव्हां निदान सात वस्तु आंत कोठेंतरी स्वस्थ पडून असतात. त्या सातांस कोण सांभाळतो, आणि आठवीस कांचेमागें उभें कोण करतो, असा प्रश्न आमच्या शिक्षकीच्या दीर्घ काळांत, सहलीस नेलेल्या शेंकडों विद्यार्थ्यांपैकीं एकानेंही आम्हांस विचारल्याचें स्मरत नाहीं.

हा प्रश्न आमच्या घरांत शिरला तो धाकट्या बंधूंच्या चिरंजीवामुळें. आमचें कुटुंब लोणी काळभोर येथें चार पिढ्या नांदत आहे. पुण्याहून सोलापूर रस्त्यानें अठरा-वीस किलोमीटरांवर, मुळामुठेच्या बाजूचें आणि कालव्याच्या पाण्यानें हिरवें झालेलें हें गांव. आतां येथें तेलाच्या टाक्या आहेत, मोठमोठीं महाविद्यालयें आहेत, २०१८ सालीं उद्घाटन झालेला प्रचंड विश्वशांति घुमट आहे. परंतु आमच्या घरापुरतें बोलावयाचें, तर या चार पिढ्यांत आमच्याकडील पुरुषांच्या हातांत लेखणी, खडू किंवा फार तर जमाखर्चाची वही याखेरीज दुसरें हत्यार आलें नव्हतें. आम्ही स्वतः जुनी अकरावी, म्हणजे ज्यास लोक मॅट्रिक म्हणत ती परीक्षा उत्तीर्ण झालों, आजोबांपाशीं रूपावली आणि अमरकोश पाठ केला, आणि मुलांना संस्कृत शिकवीत केस पांढरे केले. अशा घरांतील मुलानें विज्ञानाची पदवी घेऊन, पुढें संग्रहालयशास्त्राचा अभ्यास करून, पुण्यांतील एका संग्रहालयांत तंत्रसहाय्यकाची जागा पत्करली. रोज सकाळीं तो डबा घेऊन लोणी स्टेशनावरून गाडीनें जातो, आणि त्याच्या पिशवींत पुस्तकाऐवजीं स्क्रूड्रायव्हर, मोजपट्टी, ओळंबा व पाणसळ असते.

‘तंत्रज्ञ’ हा शब्द आतां कोणत्याही यंत्रापाशीं उभ्या असलेल्या मनुष्यास लावतात. मूळ संस्कृतांत ‘तंत्र’ शब्द तन् म्हणजे ताणणें या धातूपासून आलेला असून, त्याचा एक प्राचीन अर्थ माग, किंवा मागावर ताणलेला ताणा असा आहे. आपला ‘सुतार’ हाही सूत्रधार शब्दाचाच वंशज. पंधराव्या शतकांत मेवाडांत शिल्पशास्त्रावर ग्रंथ लिहिणारा मंडन हा पंडित ‘सूत्रधार मंडन’ या नांवानेंच ओळखला जातो. सारांश, हातांत सूत किंवा हत्यार धरणारा आणि डोक्यांत शास्त्र बाळगणारा अशीं दोन निरनिराळीं माणसें असलीं पाहिजेत, हें कांहीं आपल्या पूर्वजांचें मत दिसत नाहीं. तें मत पुढें आपल्यासारख्या घरांनीं बनविलें असावें.

एकदां संग्रहालयाच्या साप्ताहिक सुटीच्या दिवशीं, अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन, पुतण्यानें आम्हांस त्याचें काम पाहण्यास नेलें. एक पितळी समई कोठीच्या खोलींतून दालनांत न्यावयाची होती. आम्हांस वाटलें, उचलावी आणि न्यावी. परंतु त्यानें प्रथम रिकाम्याच हातांनीं ती सर्व वाट चालून पाहिली. दार किती रुंद, उंबरठा कोठें, वाटेंत लोंबणारी तार आहे कीं काय, हें पाहिलें. समई जेथें ठेवावयाची ती जागा आधीं मोकळी करून तेथें मऊ गादी घातली. मग मनगटावरील घड्याळ, बोटांतील अंगठी आणि गळ्यांतील ओळखपत्र काढून ठेवलें. “मोठेकाका,” तो म्हणाला, “आमच्याकडे पहिला नियम हा, कीं वस्तु कोठें ठेवायची हें ठरल्याशिवाय ती उचलायची नाहीं. बहुतेक वस्तु उचलतांना फुटत नाहींत. उचलल्यावर आतां कोठें ठेवूं, अशा घोटाळ्यांत फुटतात.”

पुढें जें जें पाहिलें तें सर्व या नियमाचाच विस्तार होता. भांडें कानाला किंवा कडीला धरून उचलावयाचें नाहीं, कारण तीच बहुधा पूर्वीं तुटून जोडलेली असते. एक हात तळाशीं, एक हात अंगाशीं. दोघांनीं मिळून उचलावयाचें असेल तर बोलणारा एकच. धातूच्या वस्तूंस हातमोजे हवेतच, कारण घामांतील क्षार धातूस खातात आणि बोटांचे ठसे कायमचे उमटतात. उलट गुळगुळीत चिनी मातीचें पात्र सुती हातमोज्यांतून निसटतें. आणि जुन्या कागदास तर पुष्कळदां स्वच्छ धुवून कोरडा केलेला उघडा हातच बरा, कारण मोज्यांत बोटाची जाण राहत नाहीं व पान फाटतें. प्रत्येक वस्तूवर क्रमांक असतो. तो सरळ वस्तूवर लिहीत नाहींत. आधीं पुसून काढतां येईल अशा पारदर्शक रोगणाची बारीक पट्टी ओढून त्यावर लिहितात. म्हणजे शंभर वर्षांनीं कोणास तो क्रमांक काढावासा वाटला, तर वस्तूस धक्का न लागतां काढतां यावा.

उजेडाचा हिशेब तर आम्हांस सावकारी हिशेबासारखा वाटला. कागद, रंगीत वस्त्र, जलरंगांतील चित्र यांवर ५० लक्सपेक्षां अधिक प्रकाश पडूं देऊं नये असा साधारण दंडक आहे. भर दुपारच्या उघड्यावरील उन्हांत तोच आंकडा १,००,००० पर्यंत जातो. आणि प्रकाशानें झालेली हानि विश्रांतीनें भरून येत नाहीं. ५० लक्समध्यें दहा तास म्हणजे ५०० लक्समध्यें एक तास. दोन्हींची झीज सारखीच, आणि ती वस्तूच्या नांवावर कायमची मांडली जाते. म्हणून पैठणीच्या दालनांत आपण “किती हा अंधार” म्हणून कुरकुरतों, तेव्हां आपल्या नातवंडांच्या वांट्याचा रंग तो मंद दिवा शिल्लक ठेवीत असतो. हवेंतील आर्द्रतेचेंही तसेंच. ती एकदां कमी, एकदां अधिक, अशी हेलकावे खाऊं लागली कीं लांकूड फुगतें, आकसतें आणि त्यावरील रंगाचे पापुद्रे सुटतात. २०२४ च्या जुलै महिन्यांत लंडनच्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट संग्रहालयांतून वाघनखें साताऱ्यास प्रदर्शनासाठीं आलीं, तेव्हां वृत्तपत्रांनीं मिरवणुकीचीं आणि भाषणांचीं वर्णनें दिलीं. आमच्या पुतण्यानें मात्र पहिला प्रश्न विचारला तो असा, कीं पेटी उघडण्यापूर्वीं तिला नव्या हवेची संवय होण्यास किती वेळ ठेवली असेल!

हें सर्व पाहून आम्ही घरीं परतलों तों एक पत्र येऊन पडलेलें. पुतण्यासाठीं पाहिलेल्या एका स्थळाकडून, मुलीच्या मामांनीं लिहिलेलें. भाषा सुसंस्कृत, पण विचारणा अशी, कीं चिरंजीव ‘टेक्निशियन’ आहेत म्हणजे नेमकें काय करतात, नोकरी कायम आहे काय, आणि पुढें ‘चढण्यास’ वाव आहे काय. प्रश्न अयोग्य नव्हते. नोकरी अकरा महिन्यांच्या करारावर होती, आणि दर वर्षीं करार वाढेल कीं नाहीं याची धाकधूक आमच्या भावजयीच्या मुद्रेवर दिसे. पगाराचा आंकडा तर असा, कीं गांवांतील मोटार दुरुस्त करणारा कुशल कारागीर त्याहून अधिक मिळवितो. बंधु म्हणाले, “अण्णा, उत्तर तुम्हीच लिहा. ‘अभिरक्षक’ आहे असें लिहिलें तर काय बिघडतें? आज ना उद्यां होईल.” पुतण्या जेवतां जेवतां थांबला. म्हणाला, “बाबा, आमच्या अभिरक्षक बाई निराळ्या आहेत. काय मांडायचें तें त्या ठरवतात. तें पडणार नाहीं, वांकणार नाहीं, कुजणार नाहीं, हें मी पाहतों. त्यांचें नांव मला नको आणि माझें काम त्यांना येत नाहीं.” आम्हीं उत्तर लिहिलें तें त्याच्याच शब्दांस अनुसरून: मुलगा संग्रहालयांत वस्तु हाताळण्याचें, मांडण्याचें व सुरक्षित ठेवण्याचें काम करतो, नोकरी करारावर आहे, कामांत तो निष्णात असल्याचें आम्हीं स्वतः पाहिलें आहे. पंधरा दिवसांनीं पत्रिका जुळत नसल्याचें नम्र उत्तर आलें. पत्रिका त्यांनीं मागविलीच नव्हती.

याच सुमारास घरांत दुसरा प्रसंग उद्भवला, आणि त्यांत आमच्या मातोश्रींचें मन गुंतलें होतें. त्यांचें वय आतां एक्याण्णव. आमच्या माळ्यावर पणजोबांची सागवानी पेटी आहे, तींत एकतीस पोथ्या आणि एक बाड. पोथ्या तांबड्या बासनांत बांधलेल्या, मध्यें मध्यें कडुलिंबाचीं पानें व वेखंडाचे तुकडे. कित्येक पानें हरताळानें पिवळीं केलेलीं. आपल्या लेखकांना हें शास्त्र ठाऊक होतें. पोथीच्या शेवटीं तेल, पाणी, सैल बंधन आणि मूर्खाचा हात यांपासून मला राख, अशी पोथीच्याच मुखें विनवणी करण्याचा प्रघातही होता. परंतु एका पावसाळ्यांत कौलें सरकून पेटीचा एक कोपरा भिजला, आणि नेमकें त्या कोपऱ्यांत तें बाड होतें. पणजोबांनीं पणजींसह काशीयात्रा केली, तिचा मोडींतील वृत्तांत त्यांत आहे. पणजी त्या यात्रेहून परत आल्या नाहींत. त्या कोठें गेल्या, वाटेवर कीं काशींत, कोणत्या रोगानें, शेवटीं जवळ कोण होतें, हें आज घरांत कोणासही ठाऊक नाहीं. मातोश्री सून म्हणून या घरांत आल्या तेव्हां त्यांच्या सासूबाईंनीं “सगळें बाडांत आहे” एवढेंच सांगितलें होतें.

बाड काढलें. पहिलीं अकरा पानें मोकळीं होतीं, तीं आम्हीं मातोश्रींस वाचून दाखविलीं. अकराव्या पानाअखेर मंडळी नर्मदेच्या कांठीं पोंचतात, आणि नावेची वाट पाहत मुक्काम करतात. पुढचीं सर्व पानें एकमेकांस चिकटून त्यांची जणूं वीटच झालेली. काजळाच्या शाईंत डिंक असतो, कागदास खळ असते. पाणी लागून तीं दोन्हीं विरघळतात, आणि वाळल्यावर पानास पान सांधलें जातें. आम्हीं वेळूची एक पातळ कांब तासून घेतली होती. ती कडेनें सरकवणार, तोंच पुतण्यानें आमच्या हातावर हात ठेवला. “मोठेकाका, थांबा. एका पानाची शाई दुसऱ्या पानावर उठून येईल. मग दोन्हीं गेलीं.”

“मग तूं सोडव,” आम्ही म्हणालों.

“हें माझें काम नव्हे. मी वस्तु धरतों, ठेवतों, जपतों. कागदावर उपचार करणारे निराळे असतात. त्यांनीं त्यासाठीं वर्षानुवर्षें अभ्यास केलेला असतो. मला किती येत नाहीं, हें मला नीट येतें.”

आमचें म्हणणें त्या वेळीं असें होतें, आणि थोडेंफार आजही आहे, कीं ग्रंथ हा वाचणारासाठीं असतो. एक्याण्णव वर्षांची वृद्धा ज्याची वाट पाहत आहे तें पुढच्या शतकासाठीं झांकून ठेवणें यांत शास्त्र असेल, पण दया कोठें आहे? त्यावर त्यानें आम्हांस अजिंठ्याची गोष्ट सांगितली. १९२० नंतर निझाम सरकारनें तेथील भित्तिचित्रें वांचविण्यासाठीं इटलीहून चेकोनी आणि ओर्सिनी असे दोन तज्ज्ञ आणविले. त्यांनीं भिंतीवरून सुटूं लागलेले रंगाचे पापुद्रे परत बसविले, आणि पुष्कळ चित्रें त्यामुळेंच टिकलीं. परंतु वर जो लाखेचा लेप दिला तो काळानें पिवळा पडला, त्यावर धूळ बसली, आणि तो उतरविण्याचें काम पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांस पुढें अनेक वर्षें पुरलें. ते दोघे अडाणी नव्हते. त्या काळचे उत्तम जाणकार होते. “म्हणून जें परत फिरवतां येत नाहीं तें करण्यापूर्वीं आम्ही फार वेळ थांबतों,” तो म्हणाला.

निर्णय मात्र आमच्या वादानें झाला नाहीं. तो मातोश्रींनीं केला. त्यांचें माहेर पुण्यांत नारायण पेठेंत. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें व खडकवासल्याचें धरण फुटून मुठेचा लोंढा पुण्यांत शिरला, तेव्हां त्यांच्या वडिलांच्या घरीं माडीपर्यंत पाणी चढलें. पाणी ओसरल्यावर त्या मदतीस गेल्या होत्या. वडिलांनीं चिखलांतून घराण्याचीं दप्तरें काढलीं, आणि सुकावीं म्हणून गच्चीवर उन्हांत पसरलीं. दोन दिवसांत तीं कडक झालीं. उलगडूं गेलें कीं तुकडे पडत. शेवटीं तीं टोपल्यांत भरून टाकावीं लागलीं. पांच वर्षांनीं, ४ नोव्हेंबर १९६६ रोजीं, इटलींतील फ्लॉरेन्स शहरांत आर्नो नदी अशीच घुसली, तेथील ग्रंथालयांतील लाखों पुस्तकें चिखलांत बुडालीं, आणि त्या आपत्तींतून भिजलेल्या ग्रंथांच्या उपचाराचें नवें शास्त्र वाढीस लागलें. आज भिजलेला कागद ताबडतोब सुकवितां येत नसेल तर गोठवून ठेवतात, म्हणजे बुरशीस अवधि मिळत नाहीं. नारायण पेठेंतील त्या गच्चीवर हें सांगणारें कोणी नव्हतें. मातोश्री एवढेंच म्हणाल्या, “घाईनें उघडलेलीं दप्तरें मी पाहिलीं आहेत. हा म्हणतो तसें राहूं दे. मला कळलें नाहीं तर नाहीं कळलें. बाड तरी राहील.”

ज्याचें सर्वांत अधिक जाणार होतें त्यानेंच सोडून दिल्यावर आम्हांस बोलण्यास जागा उरली नाहीं. पुतण्यानें रात्रीं बसून बाडाची लांबी, रुंदी, जाडी, मोकळीं पानें, चिकटलेला भाग, कसरीचीं भोकें, डाग यांची सविस्तर नोंद केली; अकरा पानांचीं छायाचित्रें घेतलीं; आणि आम्लरहित पुठ्ठ्याची बरोबर मापाची पेटी करून तींत तें ठेवलें. उपचारासाठीं एका प्रयोगशाळेंत नांव नोंदविलें आहे. पाळी येण्यास अवकाश आहे. पेटीवर क्रमांक घालतांना मातोश्रींनीं विचारलें, “या घरांतल्या जुन्या वस्तूंत माझा कितवा नंबर रे?” “आजी, तुझा पहिला,” तो म्हणाला, “पण तुला हलवायचं नाहीं, एवढीच नोंद आहे.”

वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं अशी पेटी असेल, त्यांच्यासाठीं त्याच्याकडून ऐकलेल्या चार गोष्टी येथें नमूद करतों. पोथ्या बाहेरच्या भिंतीस टेकून किंवा जमिनीवर ठेवूं नयेत. ओल तेथूनच येते. प्लॅस्टिकच्या पिशवींत कोंडूं नयेत. सुती बासन उत्तम, मात्र त्याचा रंग न जाणारा असावा. फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावूं नये आणि पान प्लॅस्टिकांत मढवूं नये. दोन्हीं परत फिरवितां येत नाहींत. नोंद करावयाची ती निराळ्या कागदावर, आणि पेन्सिलीनें. पिवळीं पानें हाताळल्यावर हात धुवावे, कारण हरताळ हें सोमलाचेंच एक रूप आहे. आणि घरीं सांभाळणें जमत नसेल, तर १९१० सालीं स्थापन झालेलें भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा १९१७ सालचें भांडारकर प्राच्यविद्या मंदिर यांसारख्या संस्थांत एकदां जाऊन विचारावें. पोथी घराबाहेर गेली म्हणजे घराण्याची लाज गेली असें नव्हे. कसरीनें खाल्ली म्हणजे मात्र खास गेली.

पुतण्याचा करार या वर्षीं पुन्हां अकरा महिन्यांसाठीं वाढला आहे. बंधूंनीं आतां विचारणाऱ्यांस सरळ ‘तंत्रसहाय्यक’ असें सांगण्यास प्रारंभ केला आहे. दसऱ्याला सरस्वतीपूजनाच्या पाटावर पोथीशेजारीं यंदा पाणसळ आणि ओळंबाही मांडला गेला. तो कोणीं मांडला हें आम्हीं विचारलें नाहीं. बाडाची पेटी मातोश्रींच्या खोलींत, आंतल्या भिंतीच्या फडताळांत आहे. त्या कधींमधीं तिच्याकडे पाहून म्हणतात, “सासूबाईंच्या सासूबाई अजून नर्मदेच्या अलीकडच्या तीरावरच आहेत. नाव यायची आहे.”